गॅलरी गाईड म्हणून पहिला टूर: झेब्र्यासमोर पुण्याचा गेंडा दाखवू का?

चिंचवडकर_न्यूहेवन

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी येलला सेकंड इयरला आहे, विषय इकॉनॉमिक्स. इथे चॅपल स्ट्रीटवर समोरासमोर युनिव्हर्सिटीची दोन आर्ट म्युझियम आहेत. एक आर्ट गॅलरी, १८३२ पासूनची, व्हॅन गॉगचं ते रात्रीच्या कॅफेचं लालभडक चित्र तिथे आहे. आणि समोर सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट, पॉल मेलन यांनी दिलेल्या संग्रहावर उभं राहिलेलं, १९७७ ला उघडलं. दोन्हीकडे लुई कानच्या बिल्डिंग, म्हणजे आपल्या अहमदाबादच्या आयआयएमवाला लुई कान. तिकीट नाही, कुणीही यावं. आणि आलेल्या लोकांना चित्रं दाखवायला दोन्हीकडे स्टुडंट गाईड असतात, आमच्यासारखीच डिग्री करणारी पोरं. आर्टच शिकत असलं पाहिजे असं काही नाही, माझ्यासोबत बायोलॉजीवाली आहे, मॅथ्सवाला आहे. ट्रेनिंग होतं, मग प्रत्येकाने आपला टूर आपण बांधायचा, चित्रं आपण निवडायची, लायब्ररीत बसून अभ्यास आपण करायचा.

मी ब्रिटिश आर्टवाल्यांत आहे आणि टूरचा विषय घेतलाय प्राणी. सुरुवात जॉर्ज स्टब्सच्या झेब्र्यापासून, १७६३ चं चित्र. राणी शार्लटला भेट आलेला झेब्रा, लंडनमध्ये तिच्या वाड्यापाशी ठेवलेला, लोक बघायला गर्दी करायचे. स्टब्सने तो समोर बघून काढलाय पण मागे झाडी मात्र इंग्लंडमधली, त्यामुळे तो बिचारा आफ्रिकेतला प्राणी हिरव्यागार रानात एकटाच उभा आहे. मला हे चित्र इतकं आवडतं की क्लासला जाताना दोन मिनिटं का होईना मी आत जाऊन बघून येते.

आता खरा मुद्दा. अभ्यास करताना कळलं की याच सेंटरकडे गंगाराम तांबट यांची चित्रं आहेत. पुण्याचे गंगाराम चिंतामण तांबट, पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील होता ना चार्ल्स मॅलेट, त्याच्यासाठी चित्रं काढायचे, वेरूळची लेणीसुद्धा काढलीयत. आणि त्यात एक गेंडा आहे! पेशव्यांच्या शिकारखान्यातला (पर्वतीजवळ प्राणी ठेवायचे तिथला), १७९०. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून कायम भिंतीवर नसतात, पण स्टडी रूममध्ये आधी वेळ घेतली की कुणालाही बघायला मिळतात. मी वेळ घेतली. त्यांनी चित्र आणून समोर ठेवलं आणि मला काय झालं सांगता येत नाही, डोळे भरून आले. पर्वतीवर मी लहानपणापासून जातेय आणि शाळेत आम्ही पेशवे शिकलो, नाना फडणवीस शिकलो, पानिपत शिकलो, पण या माणसाचं नाव मला सात समुद्रापलीकडे येऊन कळलं.

तर माझ्या मनात असं आहे की झेब्र्यासमोर लोक उभे असताना गेंड्याची छापील प्रत हातात धरून दाखवायची. एक राणीचा प्राणी, एक पेशव्यांचा, दोघांचं वय फार तर सत्तावीस वर्षांनी वेगळं. गंगाराम हा जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा शिष्य होता, तेही सांगायचंय.

अडचणी तीन. एक, भिंतीवर नसलेलं चित्र टूरमध्ये आणणं बरोबर आहे का, की ते ओढूनताणून वाटेल? दोन, परवा आमच्या आमच्यात प्रॅक्टिस झाली तेव्हा मी झेब्र्यावर अकरा मिनिटं सलग बोलले, आणि बोलता बोलता लक्षात आलं की सगळे चित्राकडे नाही, माझ्याकडे बघतायत. तीन, कुणी विचारलं की हे पुण्याचं चित्र इथे कसं, तर काय सांगू? आणि बाबा फोनवर रोज विचारतात की इकॉनॉमिक्सला गेलीस तर हे गाईडचं काय मधेच, त्यांना काय सांगायचं तेही सुचवा कुणीतरी 🙏

---

पाटी_नंतर_वाचा

अगं किती छान! मी एका अमेरिकन कॉलेजच्या छोट्या म्युझियममध्ये दोन वर्षं डोसंट, म्हणजे गाईडच, होते, फिजिक्समध्ये मास्टर्स करत असताना, त्यामुळे तुझ्या बाबांचा प्रश्न माझ्या घरी पण झालाय. बाबांना सांग की व्हिसावर कॅम्पसवरचं काम टर्म चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत चालतं, गाईडचं काम त्याच्या कितीतरी आत बसतं, आणि अनोळखी माणसांसमोर उभं राहून त्यांचं ऐकून घेत बोलायला मी तिथे जितकं शिकले तितकं सेमिनारमध्ये नाही शिकले. माझे बाबा नंतर स्वतः टूरला आले होते. मागे उभे राहिले, काही बोलले नाहीत, पण घरी जाऊन आईला सगळी चित्रं सांगितली.

आता तुझी अकरा मिनिटं. सगळ्यांचं होतं हे. अभ्यास खूप केलेला असतो आणि तो सगळा बाहेर यायला बघतो. माझ्या पहिल्या टूरला शाळेची मुलं होती, समोर समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र, एक मुलगा म्हणाला की त्या काकांचे बूट ओले झालेत म्हणून ते कंटाळलेत. मी लगेच सांगितलं की नाही नाही, चित्रकाराने हे अमुक साली काढलं आणि त्या वेळी अमुक चळवळ होती. तो मुलगा पुढे पूर्ण तासभर एक शब्द बोलला नाही. बूट खरंच ओले होते, मी नंतर जवळ जाऊन बघितलं. वर्षभर मी त्या चित्राचा अभ्यास केला होता आणि मला ते बूट दिसले नव्हते.

मग मला ट्रेनिंगमध्ये ती तीन प्रश्नांची पद्धत मिळाली, तुलाही सांगितली असेल. अबिगेल हाऊसेन म्हणून मानसशास्त्रज्ञ आणि न्यूयॉर्कच्या मोमा या आर्ट म्युझियममध्ये शिक्षण विभाग बघणारे फिलिप येनवाईन, यांनी मिळून बसवलेली. या चित्रात काय चाललंय? तुम्हाला असं कशावरून वाटलं? अजून काय दिसतंय? बास, एवढंच फिरवून फिरवून विचारायचं. यातला मधला प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण कशावरून विचारलं की माणूस परत चित्राकडे वळतो, हात करून दाखवतो, आणि त्याच्या हाताच्या दिशेने बाकीचे पण बघतात. तू फक्त त्याचं म्हणणं तुझ्या शब्दांत परत सांगायचं आणि तो जे दाखवतोय तिकडे बोट करायचं (लांबून!).

प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोज. खरंच मोज. पहिल्यांदा चारवरच जीव घाबरतो आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. साधारण सातला कुणीतरी बोलतं.

आणि चित्राशेजारी उभं राहा, चित्रासमोर नाही. एका तासात पाच चित्रं पुष्कळ झाली, मी शेवटी शेवटी चारच घ्यायचे. आल्या आल्या एक मिनिट कुणीच बोलायचं नाही, पाटी वाचायची नाही, नुसतं बघायचं, हे सुरुवातीलाच सांगून टाक.

गेंड्याची प्रत जरूर आण, पण झेब्रा बघून होऊ दे मग काढ. दोन्ही एकदम दाखवलंस तर लोक तुलना करायला लागतात आणि नीट काहीच बघत नाहीत. आणि एक सांगते, तो गेंडा तुझ्या गावचा आहे हे शक्यतो सांगू नकोस, निदान सुरुवातीला तरी नको. सांगितलंस की सगळे तुझ्याकडे वळतील, तुझं घर कुठे, तू इथे कशी आलीस, आणि चित्र राहून जाईल.

---

कसबा_पेठ

एक दुरुस्ती सुचवतो, राग मानू नये. "वेल्सचा शिष्य" हे सगळीकडे लिहिलेलं असतं पण तुमच्या गेंड्याच्या बाबतीत ते लागू पडत नाही. जेम्स वेल्स मुंबईत उतरला १७९१ ला, पुण्याला आला त्याच्या पुढच्या वर्षी. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं त्याने केलेलं तैलचित्र १७९२ चं, ते लंडनला आहे. शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली ती त्याच्यानंतरच. आणि गेंडा १७९० चा. म्हणजे वेल्सने पुण्यात पाऊल ठेवायच्या आधी हा माणूस मॅलेटसाठी काम करत होता, समोर उभा असलेला जिवंत प्राणी बघून काढत होता. नंतर वेल्सकडून तो बरंच काही शिकला असणार, पण हात त्याचा आधीचाच. हे टूरमध्ये सांगाच, कारण ऐकणारा माणूस एरवी घरी हेच घेऊन जाईल की साहेबाने शिकवलं म्हणून याला यायला लागलं.

वेल्स बिचारा फार जगला नाही, लेण्यांची चित्रं काढत हिंडताना १७९५ ला तिकडे ठाण्याच्या बाजूलाच गेला. त्याची मुलगी सुझॅना, तिच्याशी पुढे १७९९ ला मॅलेटने लग्न केलं. त्याच १७९५ साली इकडे सवाई माधवराव गेले. ज्या सगळ्या माणसांमुळे ती चित्रं निघत होती ती चार-पाच वर्षांत विखुरली.

आणि नाव. कृपया तिथल्या लोकांना तांबट म्हणायला शिकवा. त तांब्याचा, ट टाळूचा. आमच्या इथे तांबट आळीत अजून सकाळपासून तांब्यावर हातोडीचा ठोका ऐकू येतो, तो ठोका त्या नावात आहे. नवगिरे असंही त्यांचं आडनाव लिहिलेलं सापडतं.

---

चिंचवडकर_न्यूहेवन

@कसबा_पेठ राग कसला, तुम्ही मला वाचवलंत. मी वेल्सचा शिष्य हे वाक्य पाठ करून ठेवलं होतं, कार्डवर लिहिलेलं पण आहे, तारखा दोन्ही माझ्याच वहीत होत्या आणि मी त्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्याच नाहीत.

@पाटी_नंतर_वाचा ताई, दहापर्यंत मोजणं काल रूममेटवर करून बघितलं. नऊला बोलली ती. पण माझ्या गावचा आहे हे सांगायचं नाही हे मला जड जातंय. मी इतकी त्या चित्राजवळ गेले ती त्याच कारणाने ना.

---

जेजे_जुना

मी सर ज. जी. कला महाविद्यालयात होतो, पेंटिंगला. आमच्याकडे डोसंट वगैरे शब्द नव्हता पण वार्षिक प्रदर्शन लागलं की सगळं कॉलेज लोकांना खुलं आणि आम्ही आपापल्या चित्राजवळ उभे, म्हणजे गाईड म्हण, चित्रकार म्हण, सगळं एकच. पहिल्या वर्षी मी येईल त्याला माझ्या चित्राचा अर्थ सांगत सुटलो होतो. तिसऱ्या दिवशी एक वयस्क बाई आल्या, फोर्टात कामाला होत्या, सुटल्यावर स्टेशनवर जाता जाता शिरल्या होत्या. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, मी तोंड उघडलं, तर हाताने थांब म्हणाल्या. तशाच पाच-सात मिनिटं. मग म्हणाल्या की हा कोपरा तू दमल्यावर रंगवलास का. खरंच रात्री तीनला रंगवला होता. मला आजही तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो, कारण त्या बाईंना माहिती काहीच नव्हती, त्यांनी फक्त बघितलं.

तुला एक करून बघायला सांगतो. लोकांना पेन्सिल आणि एकेक छोटं कार्ड दे (पेन नको, गॅलऱ्यांत पेन चालत नाही) आणि सांग झेब्र्याचा फक्त मागचा भाग, तिथले पट्टे, दोन मिनिटांत काढा. चित्र चांगलं येतंय की नाही याला काही किंमत नाही. काढायला लागलं की डोळा आपोआप हळू होतो. तिथे शेपटीच्या वर बारीक बारीक आडव्या पट्ट्यांची जाळी आहे, मांडीवर मात्र पट्टे एकदम रुंद होतात, आणि पोट पांढरं सोडलंय. स्टब्सने हे इतकं नेमकं टिपलंय की तो डोंगरी झेब्रा, दक्षिण आफ्रिकेतल्या केपकडचा, हे चित्रावरून ओळखता येतं. नुसतं बघून जाणारा म्हणेल पट्टे आहेत. काढणाऱ्याला कळतं की पट्टे तीन तऱ्हेचे आहेत.

आमच्या कॉलेजचा इतिहासच हा आहे. १८७२ पासून आमच्याकडे शिकवणारा ब्रिटिश चित्रकार ग्रिफिथ्स आमच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचा, तिथे राहून त्या पोरांनी भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवली, १८८५ पर्यंत हे काम चाललं. लंडनला पाठवली आणि त्यातली बरीच १८८५ च्याच आगीत जळाली. त्या पोरांनी अजिंठा जेवढा बघितला तेवढा नंतर फार कमी लोकांनी बघितला असेल.

पाटी ताईंशी एका गोष्टीवर माझं पटत नाही. गावचं नातं लपवायचं का? लपवलं की आवाजात कळतं. सांग, पण एका वाक्यात सांग आणि लगेच चित्राकडे वळ.

---

मांडवीकाठ

पणजीहून लिहितोय. गेंडा म्हटल्यावर राहवेना. तुझ्या टूरमध्ये आमचा पण एक गेंडा बसतो बघ.

१५१५ सालचा. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह याने तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला, आल्बुकर्कने गोव्याहून जहाजात घालून लिस्बनला राजाकडे पाठवला. जानेवारीत निघाला, मे महिन्यात पोचला. युरोपात रोमन काळानंतर जिवंत गेंडा कुणी बघितलाच नव्हता. त्याचं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीत पोचलं आणि त्यावरून आल्ब्रेख्त ड्यूररने तो प्रसिद्ध लाकूडठसा केला, स्वतः गेंडा कधीही न बघता. म्हणून त्याच्या गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि पाठीवर खांद्यापाशी एक छोटं जादाचं शिंग आहे, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. आणि गंमत म्हणजे पुढची दोनशे-अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत तोच गेंडा छापत राहिले, त्या पाठीवरच्या शिंगासकट.

तर लोकांना हातात दोन प्रती दे, एक ड्यूररची एक तांबटांची, नावं सांगू नको, आणि विचार की यातल्या कुणी गेंडा बघितला असेल. कशावरून? आपोआप पाटी ताईंचा प्रश्न येतो तिथे.

---

रेसिडेंट_त्वचारोग

हे तुझ्या सेंटरबद्दलच आहे म्हणून सांगते. येलच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना याच ब्रिटिश आर्ट सेंटरमध्ये आणून चित्रांसमोर उभं करतात. त्वचारोगाचे प्राध्यापक अर्विन ब्रेव्हरमन आणि तिथल्या शिक्षण विभागाच्या लिंडा फ्रीडलेंडर यांनी हे सुरू केलं, २००१ ला जामा या मेडिकल जर्नलमध्ये त्यावर पेपर पण आला, चित्रं बघितलेल्या मुलांचं निरीक्षण बाकीच्यांपेक्षा सुधारलेलं दिसलं. चित्र आधी माहीत नसलेलं देतात, पाटी झाकलेली, आणि फक्त दिसतंय ते बोलायचं. दुःखी म्हणायचं नाही, ओठांचे कोपरे खाली आहेत म्हणायचं.

ओपीडीत पेशंट दारातून आत येतोय तोवर आमच्या तोंडात आजाराचं नाव आलेलं असतं, आणि एकदा नाव आलं की मग बघणं संपतं. माझ्या हातून एकदा एका आजीचा पायाचा चट्टा असाच सुटला होता, नाव लवकर घेतलं म्हणून. सरांनी परत बघायला लावलं तेव्हा कडेला जे होतं ते दिसलं. तेव्हापासून मी आधी मोठ्याने वर्णन करते, रंग, कडा, उंचवटा, मग नाव.

तुझ्या टूरला झेब्रा हा शब्द पहिली तीन मिनिटं कुणीच वापरायचा नाही असा नियम कर ना. बघ काय होतं.

बाबांना हे पण दाखव, की डॉक्टरांना पण चित्रांसमोर उभं करतात म्हणून.

---

कुडाळचो

चित्र हातात धरून लोकांना दाखवायचं म्हणतेस, आणि आमच्या इथे पिंगुळीला ठाकर समाज हेच पिढ्यानपिढ्या करत आलाय, चित्रकथी. पोथीतली सुटी सुटी चित्रं, रामायण-महाभारतातली, एक एक उभं धरायचं, वीणा हुडूक टाळ घेऊन कथा गायची, कथा पुढे सरकली की पुढचं चित्र. सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता त्यांना. २०२१ ला परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, त्यांनी गोठ्यात म्युझियम उभं केलंय, मुद्दाम जाऊन बघण्यासारखं आहे.

मी लहानपणी देवळात बघायचो. आता लक्षात येतं की चित्र वर धरल्यावर ते लगेच गायचे नाहीत. आधी नुसतं धरायचे, जरा इकडे जरा तिकडे फिरवायचे, म्हणजे मागे बसलेल्या बायकांना, कडेच्या पोरांना सगळ्यांना दिसायला हवं. पोरं ओरडायची की हा रावण, हा रावण, मग वीणेवर हात पडायचा. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना प्रश्न विचारायचे वगैरे, पण लोकांनी आधी ओळखावं आणि मग आपण सांगावं हे होतंच की त्यात.

प्रत मोठी काढ. छातीच्या उंचीवर दोन्ही हातांनी धर, आणि फिरव. एका हाताने धरलंस तर थरथरते.

---

पाटी_नंतर_वाचा

चित्रकथीचं वाचून मला माझं मत थोडं बदलायला लागतंय. तिथे सांगणारा गावातलाच असतो, सगळ्यांना माहीत असतं, आणि त्याने चित्राचं काही बिघडत नाही. बरं, सांग तू पुण्याचं. पण लोकांनी गेंडा बघितल्यानंतर. जेजेवाल्या दादांचं बरोबर, एक वाक्य.

तुझा तिसरा प्रश्न सगळ्यांनीच सोडून दिला, तो मी घेते. हे इथे कसं असं कुणीतरी विचारणारच आणि विचारायलाच हवं. जे पक्कं आहे तेवढं सरळ सांग: मॅलेट ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट होता, त्याने ही चित्रं आपल्यासाठी काढून घेतली, ती त्याच्याकडे राहिली, पुढे पॉल मेलन यांच्या संग्रहातून युनिव्हर्सिटीकडे आली. लुटून नेलेली नाहीत. पण हेही सांग की चित्र काढून घेणारा कोण होता आणि काढणारा कोण होता, आणि दोघांपैकी कुणाचं चरित्र लिहिलं गेलं. तिथे गप्प बसलेले लोक मी बघितलेत, विषय नाजूक म्हणून पुढच्या चित्राकडे जातात. तसं करू नको. कुणी वाद घातला तर वाद होऊ दे, पाच मिनिटं गेली तर जाऊ देत, एक चित्र कमी दाखव. आणि ज्याचं उत्तर येत नसेल तिथे मला शोधावं लागेल म्हण, त्यांचा ईमेल घे, आणि खरंच शोधून कळव. माझ्याकडे अशी एक बाई चार वर्षांनी अजून ईमेल करते.

---

चिंचवडकर_न्यूहेवन

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिस झाली, तुम्ही सांगितलेलं जवळजवळ सगळं करून बघितलं म्हणून लगेच लिहायला बसले.

झेब्रा शब्द बंद ठेवला. पहिलं मिनिट सगळे गप्प. मग मॅथ्सवाला म्हणाला की याचे कान मागे वळलेत, याला मागून काहीतरी ऐकू येतंय. मी हे चित्र शंभरदा बघितलंय आणि कान बघितलेच नव्हते! मग सगळे मागच्या झाडीत बघायला लागले की तिथे काय आहे, आणि तिथे काहीच नाही, नुसती पानं, आणि बायोलॉजीवाली हळूच म्हणाली की याच्यासारखं दुसरं कुणीच नाहीये तिथे. मला त्या वेळी राणी शार्लट सांगायची होती, कार्ड हातात होतं, आणि मी दहापर्यंत मोजलं. दुसऱ्याने विचारलं की हा इथे आला कुठून. तेव्हा सांगितली. सगळे ऐकत होते कारण प्रश्न त्यांचा होता.

पेन्सिलवाला भाग सगळ्यात भारी झाला. पट्टे तीन तऱ्हेचे आहेत हे दोघांनी आपणहून सांगितलं.

मग ड्यूरर आणि तांबट. यातल्या कुणी गेंडा बघितलाय म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम तांबटांकडे बोट केलं, कशावरून विचारलं तर एकजण म्हणाली की याला काही सिद्ध करायचं नाहीये, हा नुसता उभा आहे. मग मी सांगितलं की हे काढणारे गंगाराम तांबट, पुण्याचे, माझं घर तिथून वीस किलोमीटरवर. एक वाक्य. आणि मग नाव म्हणायला लावलं. त आणि ट वेगळे यायला चार वेळा लागले, पण आले @कसबा_पेठ. वेल्सच्या आधीचं चित्र आहे हेही सांगितलं.

बाबांना काल रात्री गेंड्याचा फोटो पाठवला. त्यांनी अभ्यासाचं काही विचारलं नाही. अर्ध्या तासाने मेसेज आला की हा शिकारखाना पर्वतीच्या कुठल्या अंगाला होता ते बघून सांग.

शनिवारी दुपारी खरा टूर आहे, बाहेरचे लोक येणार. गेंड्याची प्रत ए-थ्रीवर काढून आणलीये. लॅमिनेट करू का? वरून काचेतून सूर्यप्रकाश येतो तिथे, चमकेल अशी भीती वाटतेय.

---

कुडाळचो

लॅमिनेट नको, उजेडात नुसती चमक दिसेल, गेंडा दिसणार नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटव आणि कडेने कापडाची पट्टी लाव, हाताला धरायला बरी पडते.

---

जेजे_जुना

फोमबोर्ड मिळत असेल तर तो घे, पुठ्ठा वाकतो. आणि गोंद नको, कागदाला सुरकुत्या येतात, दोन बाजूंनी चिकटणारी टेप लाव. मागच्या बाजूला देवनागरीत नाव लिही मोठ्या अक्षरांत, प्रत फिरवशील तेव्हा तेही दिसेल.